लघवीचा संसर्ग किडनीपर्यंत पोहोचला तर: नमुना देण्यापासून पुन्हा होऊ नये इथपर्यंत

उन्हाळी लागली की आपल्याकडे पहिल्या दिवशी धने-जिऱ्याचं पाणी, सब्जा, नारळपाणी होतं. दुसऱ्या दिवशी कुणीतरी मेडिकलमधून चार गोळ्या आणून देतं. तिसऱ्या दिवशी बरं वाटतं आणि उरलेल्या गोळ्या डब्यात जातात. पुष्कळदा एवढ्यावर निभावतंही. पण काहींना आठवड्याभरात हुडहुडी भरून ताप येतो, कुशीत ठणकायला लागतं, पाणीही पोटात टिकत नाही. त्या वेळी दुखणं मूत्राशयातून वर किडनीत गेलेलं असतं.

किडनीच्या संसर्गात सगळं दोन प्रश्नांभोवती फिरतं. जंतू कोणत्या औषधाने मरतो? आणि लघवीची वाट मोकळी आहे का? पहिल्याचं उत्तर कल्चर (लघवीतले जंतू लॅबमध्ये वाढवून ओळखण्याची तपासणी) देतं, दुसऱ्याचं सोनोग्राफी. ही उत्तरं उशिरा मिळाली की रोगी अत्यवस्थ होतो. म्हणून या लेखात सर्वांत जास्त जागा याच दोन गोष्टींना दिली आहे.

जंतू वर कसा चढतो

बहुतेक वेळा जंतू आपल्याच आतड्यातला असतो, ई. कोलाय. त्याच्या अंगावर बारीक केसांसारखे तंतू असतात आणि त्यांच्या आधाराने तो मूत्रमार्गाच्या अस्तराला चिकटतो. बाईचा मूत्रमार्ग जेमतेम ४ सेंटिमीटर, पुरुषाचा साधारण २० सेंटिमीटर. बायकांना हा त्रास जास्त का होतो, याचं मोठं कारण या लांबीत आहे. त्याचा अस्वच्छतेशी संबंध जोडून बाईला दोष देणं चूक आहे.

शरीराचा मुख्य बचाव म्हणजे लघवीचा प्रवाह. मूत्राशय ठरावीक वेळाने पूर्ण रिकामं होत असेल तर जंतूंना वाढायला उसंत मिळत नाही. लघवी कुठेही तुंबली की हा बचाव मोडतो. मूतखडा, वाढलेलं प्रोस्टेट, गरोदरपणात गर्भाशयाचा मूत्रवाहिनीवर (किडनीतून मूत्राशयात येणाऱ्या नळीवर) पडणारा दाब, मधुमेहाने मंदावलेलं मूत्राशय, लहान मुलांमध्ये लघवी उलटी वर जाण्याचा दोष, आणि कॅथेटर (लघवीसाठी मूत्राशयात घातलेली नळी) ही त्याची नेहमीची कारणं. क्लेबसिएला, प्रोटिअस, स्यूडोमोनास, एन्टेरोकॉकस हे जंतू अशा तुंबलेल्या किंवा हाताळलेल्या मार्गात अधिक दिसतात. प्रोटिअस तर लघवी अल्कधर्मी करून स्वतःच खडे बनवतो, आणि त्या खड्यात लपून पुन्हा पुन्हा परततो.

मूत्राशय की किडनी, हे घरी कसं ओळखायचं

मूत्राशयापुरता संसर्ग असेल तर जळजळ होते, दर अर्ध्या तासाला जावंसं वाटतं, थेंब थेंब होते, ओटीपोटात दुखतं, कधी लघवीत रक्त दिसतं. ताप मात्र नसतो. ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप, थंडी वाजणं, पाठीत बरगडीच्या खाली एका बाजूला दुखणं, मळमळ किंवा उलटी, यांतलं काहीही जोडीला आलं तर किडनीचा संसर्ग समजून वागावं. जळजळ असायलाच हवी असं नाही. काहींना फक्त ताप आणि कुशीतली कळ एवढंच होतं.

पुढच्यांपैकी एकही गोष्ट दिसली तर दवाखाना उघडण्याची वाट पाहू नये, थेट रुग्णालयात न्यावं. गाडीची सोय नसेल तर १०८ ला फोन करावा.

- बोलण्यात गोंधळ, नेहमीपेक्षा जास्त गुंगी
- मिनिटाला २२ किंवा जास्त श्वास
- वरचा रक्तदाब १०० किंवा त्याखाली, हातपाय गार, चक्कर
- सहा-आठ तासांत लघवीच झाली नाही, किंवा अगदी थोडी आणि गडद झाली
- उलटीमुळे गोळी किंवा पाणी टिकत नाही
- ताप असलेली गरोदर बाई, तीन महिन्यांखालचं बाळ, एकच किडनी असलेला, किडनी बदललेला किंवा डायलिसिसवरचा रोगी
- खड्याच्या कळा आणि त्यासोबत ताप

शेवटची ओळ पुन्हा वाचा. खडा आणि ताप एकत्र आले की तो तासातासाचा मामला असतो. कारण पुढे येईल.

पावसाळ्यात आणखी एक भान ठेवावं लागतं. थंडी वाजून ताप येणारे मलेरिया, डेंगी आणि कोकणपट्टीत लेप्टोस्पायरोसिस हेही असतात. लघवीत थोड्या पस सेल्स (पूपेशी) दिसल्या म्हणून हे आजार नाहीत असं ठरत नाही. तसंच उजव्या कुशीतलं दुखणं पित्ताशयाचं किंवा अपेंडिक्सचंही असू शकतं.

नमुना: सर्वांत जास्त चुका इथे होतात

नियम एकच: कल्चरचा नमुना अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसाच्या आधी. एक गोळी पोटात गेली तरी काही तासांत लघवीतले जंतू उगवेनासे होतात. किडनीतले मात्र जिवंत राहतात. मग रिपोर्ट 'वाढ नाही' असा येतो आणि डॉक्टरांना अंदाजाने औषध बदलत बसावं लागतं. रोगी अत्यवस्थ असेल तर नमुन्यासाठी औषध अडवायचं नाही. पण बाटलीत लघवी घ्यायला पाच मिनिटं लागतात, तेवढी बहुतेक वेळा असतात.

पद्धत अशी:

१. लॅबमधून निर्जंतुक, झाकण बंद असलेली बाटली आणावी. घरची धुतलेली औषधाची बाटली चालत नाही.

२. शक्य असेल तर सकाळची पहिली लघवी, नाहीतर निदान तीन-चार तास मूत्राशयात राहिलेली. ताप जोरात असेल तर मात्र जेव्हा होईल तेव्हाची घ्यावी.

३. हात साबणाने धुवावेत. बाईने भगोष्ठ दोन बोटांनी बाजूला करून साध्या स्वच्छ पाण्याने पुढून मागे धुवावं. पुरुषाने कातडी मागे ओढून धुवावं. डेटॉल, सॅव्हलॉन वापरू नये. ते नमुन्यात उतरलं तर जंतू मरतात आणि कल्चर खोटं येतं.

४. पहिली धार कमोडमध्ये सोडावी, मधली १० ते २० मिलिलिटर बाटलीत घ्यावी, शेवटची पुन्हा कमोडमध्ये. बाटलीच्या कडेला किंवा झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लागू देऊ नये.

५. बाटलीवर नाव आणि वेळ लिहावी. दोन तासांत लॅबमध्ये पोहोचवावी. जमत नसेल तर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवावी, फ्रीजरमध्ये नाही; तिथे २४ तासांपर्यंत चालते. आपल्या उन्हाळ्यात टेबलावर चार तास पडलेल्या बाटलीत जंतू इतके वाढतात की निरोगी माणसाचाही रिपोर्ट बिघडलेला येतो.

पाळी चालू असेल तर लॅबला तसं सांगावं. कॅथेटर असलेल्या माणसाचा नमुना पिशवीतून कधीही घेऊ नये. नळीवरच्या पोर्टमधून सुईने घ्यावा. कॅथेटर दोन आठवड्यांपेक्षा जुना असेल तर आधी नवा घालून त्यातून घ्यावा, कारण जुन्या नळीच्या आतल्या थरातले जंतू आणि मूत्राशयातले जंतू वेगळे असू शकतात.

तापासोबत लघवीचे दोन नमुने एकाच वेळी द्यावेत, एक रुटीनचा, एक कल्चरचा. 'आधी रुटीन बघू, मग कल्चर' यात दिवस जातो आणि तोवर गोळी सुरू झालेली असते. दाखल होणाऱ्या रोग्याचं रक्ताचं कल्चरही घेतात, दोन वेगळ्या जागी सुई टोचून. बरोबर सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), क्रिएटिनिन (किडनी किती काम करते ते दाखवणारा आकडा), सोडियम-पोटॅशियम आणि साखर. मूल होण्याच्या वयातल्या बाईची गर्भचाचणीही करून घ्यावी. औषधांची निवड त्यावर बदलते.

रिपोर्ट वाचताना

पस सेल्स जास्त असणं म्हणजे सूज. संसर्ग सिद्ध झाला असं नाही. नायट्राइट पॉझिटिव्ह असेल तर जंतूंची शक्यता बळावते, निगेटिव्ह असलं तरी संसर्ग नाही असं म्हणता येत नाही, कारण एन्टेरोकॉकससारखे जंतू नायट्राइट बनवतच नाहीत. एपिथेलियल सेल्स भरपूर असतील तर नमुन्यात कातडीची भेसळ आहे. कल्चरमध्ये तीन किंवा जास्त जंतू एकदम आले तर बहुधा नमुनाच बिघडलेला असतो. तो पुन्हा द्यावा.

मिलिलिटरमागे जंतूंच्या १ लाख वसाहती हा जुना निकष. लक्षणं स्पष्ट असतील तर त्याहून कमी आकडाही खरा मानतात. आणि लक्षणं नसताना एक लाखाच्या वर आकडा आला तरी, गरोदर बाई आणि मूत्रमार्गाची शस्त्रक्रिया व्हायची असलेला रोगी सोडून, औषध द्यायचं नसतं. हे ऐकायला विचित्र वाटतं, पण वयस्कर माणसांच्या आणि कॅथेटरवाल्यांच्या लघवीत जंतू नुसते वस्तीला असतात. त्यांना मारायला गेलं तर त्या जागी औषधाला दाद न देणारे जंतू येतात, आणि खरा संसर्ग होतो तेव्हा हातात औषध उरत नाही. आजोबा जरा विसराळू झाले, लघवीला वास आला, म्हणून अँटिबायोटिक सुरू करू नये. आधी पाणी कमी पडलंय का, शौच साफ होतंय का, नवी गोळी सुरू झालीय का ते बघावं.

सेन्सिटिव्हिटीच्या तक्त्यात एस म्हणजे औषध लागू, आर म्हणजे लागू नाही. समोरचे आकडे एकमेकांशी ताडून 'सर्वांत लहान आकडा म्हणजे सर्वांत चांगलं औषध' असा अर्थ काढू नये. प्रत्येक औषधाची मोजपट्टी वेगळी असते. ईएसबीएल असा शेरा असेल तर जंतू सेफिक्सीम, सेफ्ट्रायाक्झोन यांसारखी औषधं मोडून टाकणारं विकर बनवतो. आपल्या देशात हे आता नेहमीचं झालं आहे.

या तक्त्यातला सर्वांत मोठा सापळा वेगळाच आहे. नायट्रोफ्युरँटॉइन आणि फॉस्फोमायसिन यांच्यापुढे बहुतेक वेळा एस लिहिलेलं दिसतं. ही दोन्ही औषधं मूत्राशयासाठी उत्तम. नायट्रोफ्युरँटॉइनची १०० मिलिग्रॅमची सस्टेन्ड रिलीज गोळी दिवसातून दोनदा, जेवणासोबत, ५ दिवस. फॉस्फोमायसिनची ३ ग्रॅमची पुडी एकदाच, अर्धा कप गार पाण्यात विरघळवून. पण ती लघवीत साठतात, किडनीच्या मांसात पुरेशी उतरत नाहीत. ताप आणि कुशीत दुखणं असताना यांवर विसंबलं की जळजळ थांबते आणि आत किडनी पेटतच राहते.

पहिले ७२ तास

रोगी शुद्धीवर, रक्तदाब ठीक, पाणी टिकतंय, मधुमेह-खडा-गर्भ यांपैकी काही नाही आणि घरी लक्ष ठेवायला कुणी आहे, अशा तरुण बाईचा उपचार डॉक्टरांच्या देखरेखीखाली घरून होऊ शकतो. पुष्कळदा पहिला डोस सेफ्ट्रायाक्झोन १ ग्रॅम शिरेतून किंवा अमिकासिन वजनाच्या किलोला १५ मिलिग्रॅम असा देतात आणि कल्चर येईपर्यंत तेच दिवसातून एकदा चालू ठेवतात. सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिनच्या गोळ्या पाश्चात्त्य पुस्तकांत पहिल्या क्रमांकावर असत, आपल्याकडे ई. कोलाय त्यांना इतका सरावला आहे की कल्चरमध्ये एस दिसल्याशिवाय त्यांच्यावर भरवसा ठेवणं धोक्याचं आहे. एस दिसलं तर मात्र त्या किडनीत छान उतरतात. ईएसबीएलचा गंभीर संसर्ग असेल तर एर्टापेनेम १ ग्रॅम दिवसातून एकदा, किंवा मेरोपेनेम दर ८ तासांनी. एर्टापेनेमचा फायदा असा की दाखल न होता रोज दवाखान्यात जाऊन ते घेता येतं. किडनी मंद असेल तर यांतले बहुतेक डोस बदलतात, म्हणून क्रिएटिनिनचा आकडा हाती असल्याशिवाय अमिकासिनचे दिवस वाढवू नयेत. ते किडनी आणि कान दोन्हींना इजा करतं.

ही औषधांची नावं स्वतः दुकानातून आणण्यासाठी दिलेली नाहीत. सेफिक्सीमपासून मेरोपेनेमपर्यंतची औषधं १ मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-वनमध्ये आहेत, दुकानदाराला त्यांची नोंदवही ठेवावी लागते. नावं यासाठी, की फाइलमध्ये काय चाललंय ते घरच्यांना कळावं आणि योग्य प्रश्न विचारता यावा.

घरच्यांनी वहीत चार तासांनी ताप, दिवसातून तीनदा रक्तदाब आणि २४ तासांत किती लघवी झाली ते लिहावं. ताप दुसऱ्या दिवशीही चढतो, त्याने घाबरू नये. ४८ ते ७२ तासांत चढ कमी होत जायला हवा.

ताप-दुखण्यावर पॅरासिटामॉल ५०० किंवा ६५० मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान ६ तास. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, एसिक्लोफेनॅक या दुखण्यावरच्या गोळ्या आणि इंजेक्शनं टाळावीत. संसर्गाने आणि पाणी कमी झाल्याने आधीच ताणलेल्या किडनीचा रक्तपुरवठा त्या आणखी घटवतात. कंपाउंडरने दिलेल्या 'तापाच्या इंजेक्शनात' हेच नसेल ना, विचारून घ्यावं.

नेहमीच्या गोळ्यांकडेही बघावं लागतं. उलट्या-जुलाब होत असताना किंवा काही खाल्लं जात नसताना टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल, लघवीच्या गोळ्या, मेटफॉर्मिन आणि डापाग्लिफ्लोझिन-एम्पाग्लिफ्लोझिन चालू ठेवायच्या की थांबवायच्या, हे त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावं. शेवटच्या दोन गोळ्यांनी, साखर फार वाढलेली नसतानाही, रक्तात आम्ल साठू शकतं. इन्सुलिन मात्र स्वतःहून कधी बंद करू नये.

पाणी किती? लघवी फिकट पिवळी राहील इतकं, बहुतेक मोठ्या माणसांना दिवसाला २ ते अडीच लिटर. चार-पाच लिटर ढोसल्याने किडनीतला जंतू धुऊन निघत नाही. हृदय किंवा किडनी कमजोर असलेल्यांनी डॉक्टर सांगतील तेवढंच प्यावं. सातूचं पाणी, ताक, नारळपाणी बरं वाटतं म्हणून घ्यायला हरकत नाही. क्रिएटिनिन वाढलेल्याने मात्र पोटॅशियममुळे नारळपाणी टाळावं.

जळजळीवर मिळणारं डायसोडियम हायड्रोजन सायट्रेटचं गुलाबी-नारिंगी सिरप घरोघरी असतं. ते लघवीचं आम्ल कमी करून आराम देतं, जंतू मारत नाही. शिवाय नायट्रोफ्युरँटॉइन आम्लधर्मी लघवीत अधिक चांगलं काम करतं, त्यामुळे दोन्ही एकत्र देणं विसंगत आहे. त्यात सोडियम असतं, म्हणून हृदयविकार आणि सूज असणाऱ्यांनी विचारूनच घ्यावं.

ताप उतरला नाही तर वाट तपासा

योग्य औषध ७२ तास देऊनही ताप हटत नसेल, किंवा मधुमेह, खडा, एकच किडनी, वाढतं क्रिएटिनिन यांपैकी काही असेल तर पहिल्याच दिवशी, सोनोग्राफी करावी. त्यात तीन गोष्टी विचारायच्या: किडनी फुगली आहे का, खडा दिसतो का, आणि लघवी करून आल्यावर मूत्राशयात किती उरते. दीडशे मिलिलिटरच्या वर उरत असेल तर संसर्ग परत येण्याचं कारण बहुधा तेच.

मूत्रवाहिनीत खडा अडकून वरची लघवी तुंबली आणि त्यात जंतू शिरले की किडनी म्हणजे दाबाखालचा पुवाचा फुगा होतो. रक्तातून आलेलं औषध त्या दाबाविरुद्ध आत उतरत नाही, उलट आतले जंतू रक्तात ढकलले जातात. अशा वेळी कितीही भारी इंजेक्शन उपयोगाचं नसतं. आधी वाट मोकळी करावी लागते. त्याचे दोन मार्ग: दुर्बिणीने मूत्राशयातून वर डीजे स्टेंट (मूत्रवाहिनी उघडी ठेवणारी बारीक नळी) सरकवणं, किंवा पाठीतून सुईने किडनीत नळी बसवणं, जिला पीसीएन म्हणतात. दोन्ही चालतात, जे लवकर होईल ते करावं. खडा फोडायचं काम त्या दिवशी करत नाहीत. संसर्ग पूर्ण आटोक्यात आल्यावर, साधारण दोन आठवड्यांनी ते करतात. 'एकदाच आत गेलात तर खडाही काढून टाका' असा आग्रह घरच्यांनी धरू नये.

स्टेंट बसवला की काढायची तारीख डिस्चार्ज कार्डावर मोठ्या अक्षरांत लिहून घ्यावी आणि फोनमध्ये टाकावी. बहुतेक स्टेंट तीन महिन्यांच्या आत काढायचे असतात. बरं वाटलं म्हणून विसरलेल्या स्टेंटवर क्षार जमून तो दगडासारखा होतो, आणि मग तो काढायला एकाहून जास्त शस्त्रक्रिया लागतात.

सोनोग्राफीत शंका आली तर सीटी स्कॅन. किडनीत गळू असेल तर ३ सेंटिमीटरपर्यंतचं औषधाने जिरतं, ५ सेंटिमीटरच्या वरचं सहसा सुईने किंवा नळीने काढावं लागतं. मधुमेह अनियंत्रित असलेल्यांत किडनीत वायू धरणारा एक भयंकर प्रकार होतो. तो सीटीतच नीट दिसतो, आणि वेळेत नळी टाकली तर पुष्कळदा किडनी वाचते.

औषध संपवताना

ताप २४ ते ४८ तास नाही, खाणं सुरू आहे आणि कल्चर हाती आलं की शिरेतल्या औषधावरून गोळीवर आणतात. सिप्रोफ्लॉक्सासिन लागू असेल तर एकूण ७ दिवस पुरतात. सेफ गटातल्या किंवा कोट्रायमॉक्साझोलच्या गोळ्यांवर असेल तर १० ते १४ दिवसही लागतात. बरं वाटल्यावर गोळ्या सोडू नयेत, तसंच 'अजून आठ दिवस असू दे' म्हणून वाढवूही नयेत.

गोळी घेऊनही गुण येत नाही याचं एक नेहमीचं कारण: सिप्रोफ्लॉक्सासिन दुधासोबत, कॅल्शियम, लोह किंवा अँटासिडसोबत घेतलं आणि ते पोटातच बांधलं गेलं. या वस्तूंच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर ते घ्यावं. टाचेचा स्नायुबंध दुखू लागला तर ते थांबवून डॉक्टरांना कळवावं, आणि ग्लिमेपिराइडसोबत साखर अचानक उतरू शकते हे मधुमेहींनी ध्यानात ठेवावं. नायट्रोफ्युरँटॉइनने लघवी तपकिरी-पिवळी होते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

एक गोष्ट आपल्या देशात विसरून चालत नाही. पस सेल्स भरपूर, कल्चर दरवेळी कोरं, वजन घटतंय, लघवीत रक्त जातंय, असं महिनोन्‌महिने चाललं असेल तर मूत्रमार्गाचा क्षयरोग शोधावा. त्यासाठी सकाळची पहिली संपूर्ण लघवी लागोपाठ तीन दिवस देतात. लिव्होफ्लॉक्सासिनचे कोर्स पुन्हा पुन्हा दिले तर क्षय अर्धवट दबतो आणि निदान महिन्यांनी लांबतं. तोवर मूत्रवाहिनी आकसून किडनी निकामी होऊ शकते.

ज्यांचे नियम वेगळे

*गरोदर बाई.* १२ ते १६ आठवड्यांच्या दरम्यान लक्षणं नसली तरी लघवीचं कल्चर करून घ्यावं. नुसती रुटीन तपासणी पुरत नाही. जंतू सापडले आणि उपचार झाला नाही, तर चारपाच जणींत एकीला पुढे किडनीचा संसर्ग होतो आणि बाळ अपुऱ्या दिवसांचं होण्याचा धोका वाढतो. उपचार ४ ते ७ दिवस, संपल्यावर आठवडा-दोन आठवड्यांनी पुन्हा कल्चर. सिप्रोफ्लॉक्सासिन टाळतात, कोट्रायमॉक्साझोल पहिल्या तिमाहीत टाळतात, नायट्रोफ्युरँटॉइन शेवटच्या महिन्यात. ताप असेल तर दाखल व्हावंच.

*लहान मूल.* दोन वर्षांखालच्या मुलाला सर्दी-खोकला नसताना ताप असेल तर लघवी तपासावी. चिकटवायच्या पिशवीतला नमुना कल्चरला चालत नाही. बाळाला दूध पाजून, ओटीपोटावर गार ओल्या कापसाने हळुवार चोळत राहिलं की काही बाळांना थोड्याच मिनिटांत लघवी होते. ती बाटलीत झेलावी. नाही जमलं तर डॉक्टर बारीक नळीने घेतात. औषध ताप आल्यापासून दोन-तीन दिवसांत सुरू झालं नाही तर किडनीवर व्रण राहण्याची शक्यता वाढते. मुलग्याची धार बारीक, थेंब थेंब पडत असेल तर मूत्रमार्गातला जन्मजात पडदा आहे का ते पाहावं. आणि बद्धकोष्ठता असलेल्या मुलाचा लघवीचा संसर्ग, आधी पोट साफ होऊ लागल्याशिवाय थांबत नाही.

*पुरुष.* तापासह संसर्ग म्हणजे प्रोस्टेटही सुजलेलं असण्याची शक्यता मोठी. उपचार २ ते ४ आठवडे चालतो. त्या काळात पीएसए (प्रोस्टेटच्या कर्करोगासाठीची रक्तचाचणी) तपासू नये. आकडा वाढलेलाच येतो आणि कर्करोगाची नाहक धास्ती बसते. दीड-दोन महिन्यांनी करावा.

*कॅथेटरवर असलेलं घरातलं माणूस.* पहिला प्रश्न दर आठवड्याला विचारावा: ही नळी अजून लागतेच का? लागत असेल तर पिशवी कायम मूत्राशयाच्या खालच्या पातळीवर, पण जमिनीला न टेकता लटकवावी; कूस बदलताना पिशवी पोटावर ठेवण्याची सवय मोडावी. दोन-तृतीयांश भरली की रिकामी करावी, आधी आणि नंतर हात धुवावेत, तोटी भांड्याला लावू नये. नळी आणि पिशवी यांचा सांधा उगीच उघडू नये. नळी मांडीला पट्टीने बांधावी म्हणजे ओढ बसत नाही. मूत्राशय औषधाच्या पाण्याने रोज धुणं किंवा 'संसर्ग होऊ नये म्हणून' रोज अँटिबायोटिक देणं, दोन्हींनी फायदा होत नाही.

पुन्हा होऊ नये म्हणून

सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा झालं तर त्याला वारंवार होणारा संसर्ग म्हणतात. अशा वेळी एकदा सोनोग्राफी, उरलेल्या लघवीचं माप आणि एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर) करून घ्यावं.

पाण्याचा उपयोग होतो याला चांगला पुरावा आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या बल्गेरियातल्या अभ्यासात, दिवसाला दीड लिटरपेक्षा कमी द्रव पिणाऱ्या आणि वारंवार त्रास होणाऱ्या १४० बायका होत्या. निम्म्यांना रोज दीड लिटर जादा पाणी प्यायला दिलं. वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा संसर्ग झाला, इतरांना ३.२ वेळा. आपल्याकडे अडचण माहितीची नाही. शिक्षिका, वाहतूक पोलीस, बाजारात बसणाऱ्या, उसाच्या फडात राबणाऱ्या बायका पाणी कमी पितात, कारण जायला जागा नसते. मुंबईत २०११ पासून 'राइट टू पी' (लघवीचा हक्क) चळवळ बायकांना जायला जागा मिळावी याच मागणीसाठी उभी राहिली. जागा असेल तिथे तरी दर तीन-चार तासांनी जाण्याचा नेम ठेवावा, आणि घाई न करता पूर्ण रिकामं होऊ द्यावं. कमोड घाण आहे म्हणून अधांतरी अर्धवट बसलं की स्नायू सैल पडत नाहीत आणि लघवी उरते.

संबंधानंतर लघवीला जाणं निरुपद्रवी आहे, करावं. शुक्रजंतुनाशक जेल मात्र बंद करावं. त्याने योनीतले उपयोगी जंतू मरतात. योनी आतून साबणाने किंवा सुगंधी वॉशने धुणं याच कारणाने वाईट.

पाळी गेलेल्या बायकांसाठी सर्वांत परिणामकारक उपाय बहुतेकींना कुणी सांगतच नाही: योनीत लावायचं इस्ट्रोजेन क्रीम. पहिले दोन आठवडे रोज रात्री, मग आठवड्यातून दोनदा. ते लावल्यावर तिथले लॅक्टोबॅसिलस हे उपयोगी जंतू परततात आणि ई. कोलायला जागा उरत नाही. परिणाम दिसायला दोन-तीन महिने लागतात. स्तनाचा कर्करोग झालेल्या बाईने कर्करोगतज्ज्ञांना विचारून घ्यावं.

क्रॅनबेरीचा थोडा फायदा दिसतो, तोही प्रतिबंधासाठी. झालेला संसर्ग तिने बरा होत नाही. मेथेनामाइन हिप्पुरेट १ ग्रॅम दिवसातून दोनदा हा अँटिबायोटिकविना चालणारा चांगला पर्याय आहे. आम्लधर्मी लघवीत त्यापासून फॉर्माल्डिहाइड सुटून जंतू मरतात, म्हणून त्यासोबत ते सायट्रेटचं सिरप घेऊ नये. हे सगळं करूनही थांबत नसेल तरच रात्री झोपताना कमी मात्रेत नायट्रोफ्युरँटॉइन, ५० किंवा १०० मिलिग्रॅम, ३ ते ६ महिने. किडनी फार मंद असलेल्यांना आणि जी-सिक्स-पीडी हे रक्तातलं विकर कमी असलेल्यांना ते देत नाहीत. घेत असताना कोरडा खोकला किंवा दम लागला तर ते लगेच थांबवून डॉक्टरांना दाखवावं, कारण क्वचित फुप्फुसाला इजा होते.

प्रत्येक कल्चरच्या रिपोर्टचा फोटो तारखेसह फोनमध्ये एका जागी ठेवावा, आणि त्या वेळी कोणतं औषध किती दिवस घेतलं तेही लिहावं. पुढच्या वेळी रात्री दोनला ताप चढला तर नवं कल्चर यायला दोन दिवस लागतील. पहिलं इंजेक्शन कोणतं द्यायचं हे डॉक्टर त्या जुन्या फोटोवरून ठरवतात.